मामाशिवाय लागलेलं लग्न

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. मायला तर तिच्या शेवटच्या आजारातही नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय मी हळूच बाजूला सारते — जसं काही त्याला माहीतच नाही! तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच बहुतेक तुमच्यापाशी जीभ उचलेल. चहा टाकते म्हणाले असते, पण चहाच्या निमित्तानं मी उठून जाईन आणि परत येईन ती भलतंच काहीतरी बोलत. माझी मला सवय माहीत आहे.

तशी मी बोलकी बाई. पडेगावात साड्यांना फॉल-पिको करून देते, तर दिवसभर बायांची ये-जा. गल्लीत कुणाचं भांडण झालं तर मिटवायला मला बोलावतात. कुणाला स्पष्ट सुनवायचं असलं तरी मलाच पुढं करतात. आक्का तोंडावर बोलते, आक्काच्या पोटात काही राहत नाही — असं माझं नाव आहे. आता काय बोलावं? पोटात राहतं हो. चांगलं सात-आठ वर्षं राहतं.

सोमनाथ माझा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे किती, तर माझं लग्न ठरलं त्याच वर्षी मायला दिवस गेले. माझ्या लग्नात ती पोट लपवत, पदर पुढं ओढून फिरत होती, आणि माझ्या सासूनं ते पहिल्याच पंगतीत ओळखलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण पोरगं झालं ते असं गोरंगोमटं, की रुसायला जागाच ठेवली नाही त्यानं.

दोन-तीन वर्षांनी मला ऋतुजा झाली. जावळ काढायचं तर मामाच्या मांडीवर, ही आमची रीत. आणि मामा कोण? शेंबूड न पुसता येणारं पोर! मग आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मांडी घालून बसले, त्यांच्या मांडीवर सोमनाथ, आणि सोमनाथच्या मांडीवर ऋतू. न्हाव्यानं वस्तरा काढला तसं मामानंच भोकाड पसरलं. भाची आपली टकामका बघत बसलेली. आजही ते आठवलं की मला आधी हसू येतं, मग दुसरं सगळं.

अण्णा लवकर गेले. सोमनाथला शिकायला म्हणून मी फुलंब्रीहून माझ्याकडं आणला. म्हणजे दोघं एकाच घरात वाढली, मामा-भाची, एका ताटात जेवून, एका पांघरुणासाठी भांडून. ती त्याला ‘ए सोम्यामामा’ म्हणायची. उंचीनं त्याच्या पुढं गेली तेव्हा दारात उभी राहून चिडवायची. तो म्हणायचा, "उंच हो नायतर बुटकी हो, बोहल्यावर तुला मीच नेणार. नीट वागली नाय तर मधातच खाली ठेवून देईन." हे त्यांचं रोजचं होतं. आमच्यात नवरीला मामा बोहल्यावर आणतो — हाताला धरून, हौस असली तर उचलून — आणि अक्षता पडेस्तोवर तिच्या पाठीमागं उभा राहतो. सोमनाथला लहानपणापासून ते काम आपलं म्हणून माहीत होतं. दुसरं कुठलंच काम आपलं म्हणून त्याला कधी माहीत नव्हतं, हेही खरंच.

दहावीनंतर तो परत गावाकडं गेला आणि तिथं बिघडला. लोक म्हणतात संगतीनं बिघडला. मी तसं म्हणत नाही. चोरीच्या मोटारसायकली आमच्या मळ्यातल्या खोलीत आणून ठेवायचे, आणि खोलीची किल्ली ह्याच्या खिशात. काही तर ह्यानंच चालवत आणलेल्या. माहीत नव्हतं असं नाही, सगळं माहीत होतं त्याला. शिक्षा झाली, हर्सूलच्या जेलात गेला, तेव्हा मिसरूड नुकतंच धड फुटलं होतं. वर्षावर आत होता. मायनं त्या दिवसांत गोड खाल्लं नाही.

तो सुटायच्या आधी एक बाई आमच्या फुलंब्रीच्या घरी आल्या. सुरेखाताई. आत गेलेली तरणी पोरं बाहेर येताना त्यांची घरं तयार करायची, असं त्यांच्या संस्थेचं काम. नुसत्या मायला भेटून चालणार नाही म्हणाल्या, सगळे पाहिजेत. काका, काकू, काकाचा गजानन, माझा नवरा, मी, ऋतू — सगळ्यांना त्यांनी ओसरीवर बसवलं. काकांना वाटलं, आता उपदेश. त्यांनी आधीच सांगून टाकलं, आम्ही त्याच्यावर नजर ठेवू, रात्री कुठं जाऊ देणार नाही. ताई म्हणाल्या, "पहारा तिकडं होताच की. तोच घरी कशाला आणता?" आणि मग त्यांनी एकच विचारलं. ह्या घरात त्याच्यावाचून काय अडतं, ते प्रत्येकानं सांगायचं.

काय सांगायचं? वर्षभरात त्याच्यावाचून काहीच अडलं नव्हतं ना! जनावरांना गडी होता, पिकाला काका होते, त्याच्या खाटेवर तर आम्ही कांदे पसरून ठेवले होते. काका सरळ माणूस, ते म्हणाले, "खरं सांगू का बाई, अडत तर काही नाय." माय पदराला तोंड लावून बसली. मी बघितलं, ऋतू माझ्याकडं बघत होती — बोल ना आई, असं. आणि मी बोलले. म्हटलं, "माझ्या पोरीचं लग्न त्याच्यावाचून लागत नाही. मामाशिवाय तिला बोहल्यावर कोण आणणार?"

काय सांगू तुम्हाला! ओसरी मोकळी झाली. काकांना लगेच आठवलं की विहिरीतली मोटर काढायला तोच उतरायचा. काकू म्हणाली, गॅसची टाकी जोडताना माझा जीव जातो, ते पोरगं हसत हसत जोडायचं. गजानन म्हणाला, माझ्या पोरांना पोहायला कोण शिकवणार. माय रडत रडत म्हणाली, मला तर त्याच्यावाचून जेवणच अडतंय. सुरेखाताईंनी सगळं त्याला जेलातल्या मुलाखतीच्या वेळी जाऊन सांगितलं. पुढं त्यानंच मला सांगितलं — "आक्का, बाकीचं ऐकलं तेव्हा बरं वाटलं. तुझं ऐकलं तेव्हा घरी यावंसं वाटलं."

हे त्याचं वाक्य आहे. ते ध्यानात ठेवा, कारण पुढं मी जे केलं ते हे वाक्य ऐकल्यावर केलं आहे.

तो आला, आणि चांगला राहिला. थंड पाण्याचे जार पोहोचवणाऱ्या एका माणसाकडं टेम्पोवर लागला. लग्नसराईत त्या धंद्यात दम घ्यायला सवड नसते, आणि आपल्या भागात उन्हाळ्याचं पाणी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. काळा ठिक्कर पडला पोरगा, पण कुणाचा एक शब्द येऊ दिला नाही. काका विहिरीजवळ उभं राहून त्याला मुद्दाम हाक मारायचे, मोटर बिघडलेली नसली तरी.

मग ऋतूचं जमलं. गंगापूरकडचे लोक, शेतीवाडी, मुलगा पुण्यात नोकरीला. आम्ही सोमनाथबद्दल काही लपवलं नाही, आणि व्याही असे भले — म्हणाले, "पोरांच्या हातून होतं. मामा तो मामा." एवढं मोठं मन दाखवलं त्यांनी. म्हणून मी तुम्हाला सांगते, सासरच्यांचं दडपण होतं असं मी म्हणूच शकत नाही. नवऱ्याचंही नव्हतं. मग कुणाचं होतं? थांबा, सांगते. सांगायलाच बसले आहे ना!

लग्नाला तीन दिवस राहिले होते. घरात बांगड्या भरायचा कार्यक्रम, बाया जमलेल्या. माझी जाऊ हात पुढं करून बसली होती, आणि सहज, अगदी सहज बोलली — "कार्यालयात दागिन्यांच्या खोलीला कुलूप घालायचं बरं का आक्का, घरचंच बघावं लागतं." एवढंच. कासारीण बांगड्या भरत राहिली, बाया हसत राहिल्या. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. कदाचित तिच्या मनात काही नव्हतंही. पण ते माझ्या डोक्यात बसलं. मी विचार करायला लागले, समजा काही हरवलं तर? लग्नघरात एखादी अंगठी इकडंतिकडं होतेच. सगळ्यांचे डोळे कुणाकडं जातील? आधी वाटलं, मला त्याची काळजी आहे — त्याच्यावर आळ यायला नको. मग जरा खोल बघितलं. खरं सांगू? मला वाटलं, त्यानं खरंच घेतलं तर.

माझ्या हातचं खाऊन वाढलेलं पोर. त्याच्याबद्दल मला असं वाटलं.

आणि ते काही मी दागिन्यांच्या खोलीपुरतं ठेवलं नाही. मला पुढचंही दिसायला लागलं. शेकडो माणसांसमोर तो माझ्या लेकीला घेऊन येतोय, व्हिडिओवाला शूटिंग करतोय, आणि बाया एकमेकींच्या कानाला लागतायत — हाच ना तो? मला तेवढा एक तास नको होता. बाकी जन्मभर मी त्याला भाऊ म्हणायला तयार होते बरं का! फक्त तेवढा एक तास तो नको होता.

दुसऱ्या दिवशी मी फुलंब्रीला गेले. तो घरातच होता, आरशापुढं. नवा सदरा शिवून आणला होता, आणि फेटा — राणी रंगाचा, सोनेरी काठाचा. यूट्यूबवर बघून बांधायचा सराव चालला होता आणि निम्मा फेटा गळ्यात आलेला. मला बघून हसला. म्हणाला, "ऋतूच्या शालूचा रंग विचारून ठेवलता मी. कशाला पायजे म्हणून तिनं लई छळलं, पण सांगितलं नाय मी तिला."

तेव्हा तरी माझी जीभ अडायला पाहिजे होती की नाही?

नाही अडली. मी त्याला बाजूला बसवलं, हात हातात घेतला — हात हातात घेऊन, हो — आणि म्हटलं, "सोम्या, वाईट वाटून घेऊ नको. ऋतू म्हणते, मामा नको. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं येणारेत. तिला कसंतरी वाटतंय. तिला सांगायचं धाडस होईना, म्हणून मी आले."

त्यानं एकदाच विचारलं, "ऋतू म्हणली?" मी म्हटलं, "व्हय." "बरं," म्हणाला. गळ्यातला फेटा काढला, मांडीवर ठेवून घडी घातली, काठाला काठ लावून. भांडला नाही. भांडला असता तर कदाचित मी कबूल झाले असते — बघा, आता हेही मी त्याच्यावरच ढकलायला निघाले. मग म्हणाला, "गजूदादा उभा राहील ना? त्याला दे हा. त्याच्याकडं नसंल शालूच्या रंगाचा." मी घेतला. पिशवीत घालून घेऊन आले तो फेटा.

घरी आले तर ऋतूच्या हातावर मेंदी चाललेली. तिला सांगितलं, मामा नाही म्हणतोय. लोकांसमोर यायला त्याला शरम वाटते. फार आग्रह करू नको, फोनही करू नको, आधीच रडतंय ते पोरगं. ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. "मला एकदा तरी म्हणायचं होतं त्यानं," म्हणाली, आणि रडायला लागली. दोन्ही हात मेंदीनं भरलेले, डोळे पुसता येईनात. मीच पुसले. माझ्या पदरानं.

झालं. दोन वाक्यं. एक इकडं, एक तिकडं, आणि दोघांनाही ताकीद — विषय काढू नको, समोरच्याला लागेल. दोघांचा एकमेकांवर इतका जीव, की दोघांनी ती ताकीद पाळली. माझं खोटं माझ्या हुशारीवर नाही टिकलं. त्यांच्या मायेवर टिकलं.

लग्न ऐन मे महिन्यातलं, दुपारचा मुहूर्त. सकाळीच कार्यालयाच्या बोअरनं मान टाकली. टँकर सांगितला होता तो कुठं अडकला देव जाणे. वऱ्हाड उतरलेलं, लेकरं पाणी पाणी करतायत, ह्यांचा जीव कासावीस. आणि मागच्या दारानं, स्वयंपाकाच्या बाजूनं, टेम्पो लागला. सोमनाथ. नवा सदरा घातलेला, डोक्याला काही नाही. मालकाला सांगून त्यानं आदल्या दिवशीच सगळे जार आमच्यासाठी राखून ठेवले होते. खांद्यावरून एकेक जार उतरवत होता. मला बघून म्हणाला, "आक्का, पाण्याची काळजी करू नको. तू समोर जा, तिकडं तुझं काम आहे."

त्याच्यावाचून काय अडतं, असं विचारलं होतं ना सुरेखाताईंनी? मी एक जागा देऊन काढून घेतली, तर त्यानं दुसरी शोधली.

समोर मंगलाष्टकं सुरू झाली. गजानन राणी रंगाचा फेटा बांधून ऋतूच्या मागं उभा. कुणीतरी अक्षता वाटत वाटत स्वयंपाकाच्या दारापर्यंत गेलं असावं, कारण कडेच्या खांबापाशी उभ्या उभ्या मी वळून बघितलं तेव्हा सोमनाथच्याही मुठीत अक्षता होत्या. तिथून बोहला दिसत नाही, नुसता आवाज येतो. प्रत्येक ‘सावधान’ला तो थोड्या थोड्या टाकत होता. समोरच्या जारांवर पडत होत्या त्या. मी त्याला बघत होते, त्यानं मला बघितलं नाही. अजूनही वेळ होती. मी नुसतं ‘ये रे’ म्हटलं असतं तरी तो चार उड्यांत बोहल्यापाशी आला असता.

मी मान फिरवली आणि माझ्या हातातल्या अक्षता टाकल्या.

दागिना एकही हरवला नाही. हे सांगायचं कारण नाही, पण सांगते.

त्यानंतरची वर्षं मी तिथी सांभाळण्यात घालवली. दिवाळीला भाऊबीजेला तो यायचा, म्हणून ऋतूला मी पाडव्यालाच बोलावून वाटेला लावायची. उन्हाळ्यात ती आली की त्याला म्हणायची, सध्या घरात लई माणसं आहेत रे, नंतर ये. तो यायचा नाही. का, म्हणूनही विचारायचा नाही. माय गेली तेव्हा मात्र इलाज नव्हता, दोघं एका खोलीत आले. मला वाटलं, आता फुटतं. सोमनाथ तिला म्हणाला, "ऋतुजाताई, प्रवास नीट झाला ना?" आणि ती म्हणाली, "हो मामा, तुम्ही जेवलात का?" एका पांघरुणासाठी केस ओढणारी ही दोघं! मायसाठी रडू येत होतं, त्यात हेही रडून घेतलं. लोकांना काय कळतंय, बाई कशासाठी रडते.

आणि आता सगळ्यात वाईट. तुम्हाला वाटलं, झालं सांगून? नाही.

सुरेखाताईंना आमचं घर म्हणजे कौतुक. सोमनाथ सुधारला, स्वतःचा टेम्पो झाला, संसाराला लागला. तर त्या मला बरोबर घेऊन जायला लागल्या. ज्या घरचं पोरगं सुटून येणार, तिथं बैठकीला आक्का. बायांना आपली बाई बोललेली पटते. मी ओसरीची गोष्ट सांगते — खाटेवरचे कांदे, काकांचं ‘काही अडत नाय’, आणि मग माझं ते वाक्य. तिथं आले की बाया डोळ्याला पदर लावतात. मी तिथंच थांबते. लग्नात पुढं काय झालं, कुणी विचारत नाही. इतकं चांगलं वाक्य बोललेल्या बाईनं ते पाळलं का, अशी शंका कोण घेईल?

माझ्या बोलण्यानं दोन-चार घरांनी दारं उघडली, हे खरं आहे. पण ते माझ्या बाजूनं धरू नका.

मागच्या महिन्यात हर्सूलकडं एका घरी जायचं होतं. ताई परस्पर येणार होत्या, म्हणून मी सोमनाथला म्हटलं, सोड बाबा मला. त्यानं टेम्पोनं सोडलं. त्या घरच्यांनी आग्रह केला तसा तोही आला, आणि चहाचा कप घेऊन उंबऱ्यापाशीच टेकला. त्यांचं पोर निरीक्षणगृहातून दोन-चार दिवसांत घरी येणार होतं. बाप तोंड फिरवून बसलेला. मी आपली नेहमीची गोष्ट सांगितली — भाऊ मागं बसलाय आणि मी सांगतेय, बघा माझी छाती! वाक्यापाशी आले, थांबले. त्या पोराची धाकटी बहीण होती, परकर-पोलक्यातली, गुडघे पोटाशी धरून ऐकत होती. तिनं विचारलं, "मग मामा आले का लग्नात?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या पोराची आई, बाप, सुरेखाताई. सुरेखाताईंना मी लग्नाच्या वेळी सांगितलं होतं की सोमनाथ पाण्याच्या गडबडीत होता. आणि मी म्हटलं, "आले की."

उंबऱ्यापाशी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मी मागं बघितलं नाही. सोमनाथ म्हणाला, "आलतो ना. लई जड झालती पोरगी, बोहल्यापर्यंत नेता नेता हात भरून आले माझे. मधातच ठेवून देणार होतो."

सुरेखाताई तेवढ्या माझ्याकडं बघत राहिल्या, बाकी सगळे हसले. ती पोरगी तर खुदखुदून हसली. बापानंसुद्धा तोंड इकडं केलं. विचारलं त्यानं — आमच्या पोराला काय काम सांगायचं मग? बैठक जमली. चांगली जमली.

येताना टेम्पोत मी एक शब्द बोलले नाही. मी! तोच बोलत होता, जारांचं, डिझेलचं. माझ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून म्हणाला, "आक्का, तू हो म्हणलीस ते बरं केलंस. नाय म्हणली असतीस तर त्या माउलीचं मन मोडलं असतं." मला सांभाळून घेत होता. जिनं त्याला बाहेर ठेवलं, तिलाच. मी उतरायला लागले तसं त्यानं समोर रस्त्याकडं बघत विचारलं, "ऋतूचं पोरगं आता चालतं का गं?"

चालतं म्हटलं. पळतंसुद्धा. त्यानं ते अजून जवळून बघितलेलं नाही.

घरात आले आणि मशीनवर नुसती बसून राहिले. मग फोन उचलला. ऋतूला म्हटलं, रविवारी ये, लेकराला घेऊन. मग सोमनाथला लावला, म्हटलं, रविवारी ये. एकाच दिवशी, एकाच वेळेला. काकांना सांगितलं, गजाननला सांगितलं, ह्यांना घरी थांबायला सांगितलं. सुरेखाताईंनाही बोलावलं आहे. त्या म्हणाल्या, कुणाच्या पोराची बैठक आक्का? मी म्हटलं, या तर खरं.

उद्या रविवार आहे. सगळे जमतील, मी सगळ्यांना बसवीन. मी माफ करा म्हणणार नाही. तेवढं म्हटलं की समोरच्याला काहीतरी द्यावंच लागतं, आणि ह्या दोघांकडून मी फार घेतलं आहे. नंतर ते बोलोत, न बोलोत, उठून जावोत. कासारीण आणि जाऊ यांचंही मी काही सांगणार नाही. आज तुमच्यापुढं बोलले ते जीभ मोकळी व्हावी म्हणून, उद्या मधेच दातखीळ बसायला नको.

एवढंच सांगायचं आहे. सोम्या, ऋतूनं तुला नको म्हटलं नव्हतं. ऋतू, मामानं येत नाही म्हटलं नव्हतं. दोन्ही मीच म्हटलं. आणि तुझ्या पुण्याच्या घरात भिंतीवर लग्नाचा फोटो आहे ना — त्यात गजूमामाच्या डोक्याला जो राणी रंगाचा फेटा आहे, तो तुझ्या सोम्यामामाचा आहे.